दरवर्षी साक्षर होणारी बाई

रंभाबाई दर जानेवारीत साक्षर व्हायची आणि दर जूनमध्ये पुन्हा अडाणी. मी गिरिकुंज कन्याशाळेच्या कोठीवर होतो. म्हणजे तांदूळ, डाळ, तेल, गुळाच्या किल्ल्या माझ्या कमरेला, आणि कोठीच्या खिडकीतून स्वयंपाकघराची पडवी सरळ समोर. त्या पडवीत शनिवारी दुपारी साक्षरतेचा वर्ग भरायचा, त्यामुळे हा सगळा खेळ मी पहिल्यापासून पाहिलेला आहे. पहिली दोन-तीन वर्षं हसू आलं. पुढे नुसता कंटाळा आला.

शाळा मुळशीच्या धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सपाटीवर. स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी पुण्या-मुंबईच्या काही बड्या मंडळींनी ती काढली. मुली गिरणीवाल्यांच्या, बॅरिस्टरांच्या, जुन्या सरदार घराण्यांतल्या. जून उजाडला की पौडाच्या रस्त्यानं चिखल उडवत मोटारी यायच्या, टपावर ट्रंका आणि वळकट्या, आणि आत रडून रडून डोळे सुजलेल्या मुली. आल्या आल्या त्यांना खादीचा गणवेश आणि एक पितळेची थाळी मिळायची, कारण साधी राहणी हा शाळेचा बाणा होता. मुली आपली थाळी आपण घासत. त्या गेल्या की स्वयंपाकघरातली चंद्राबाई आणि बाकीच्या बायका त्याच थाळ्या पुन्हा घासत, कारण कडेला आमटी तशीच असायची. गुरुवारी पिठलं-भाकरी, मुलींना गरिबाच्या जेवणाची ओळख व्हावी म्हणून. त्या भाकरीवर लोण्याचा गोळा असे. असा गरीब आमच्या खोऱ्यात कुठे राहतो, ते मला नोकरीच्या शेवटपर्यंत कळलं नाही.

मुली वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकतो. वाईट कुणीच नव्हतं, तीच तर अडचण होती.

दहावीतल्या मुलींना समाजसेवा असायची. प्रत्येकीनं एका खेडूत बाईला वर्षभरात लिहायला-वाचायला शिकवायचं. जानेवारीत स्नेहसंमेलन होई, तेव्हा ती बाई पाहुण्यांसमोर फळ्यावर आपलं नाव लिही, टाळ्या पडत, बाईला खण-नारळ आणि मुलीला समईच्या आकाराचा चांदीचा बिल्ला. त्या बिल्ल्याला दीपिका म्हणत. दीपिका नसलेली मुलगी शाळेतून बाहेर पडली असं सहसा होत नसे.

आता डोंगरात शनिवारी दुपारी रिकाम्या बायका कुठून आणायच्या? पावसाळ्यात त्या भाताच्या लावणीला, पुढे कापणी-झोडणीला आणि उरलेलं वर्ष लाकूडफाट्याला. तेव्हा हाताशी होत्या त्या स्वयंपाकघरातल्या बायकाच बसवल्या. आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच.

रंभाबाई भाकऱ्या करायची. तांदळाची भाकरी, इतकी पातळ आणि पांढरी की मुली घरी पत्रात लिहायच्या. धरणाचं पाणी आलं तेव्हा तिच्या सासऱ्याची वाडी खालून वर डोंगरात सरकली होती. तिथून ती रोज पहाटे उतरून यायची. नवरा गेणबा मुंबईला गोदीत, शिमग्याला घरी. एक मुलगी, कमळ. अंगानं रंभाबाई शिडशिडीत, बोलणं तोडून टाकल्यासारखं, आणि हसली तर फक्त डोळ्यांनी.

पहिल्या वर्षी ती मनापासून शिकली. ग म भ न, मग काना-मात्रा, मग जोडाक्षरं. जानेवारीत तिनं फळ्यावर नुसतं नाव नाही, गावाचं नावही लिहिलं. टाळ्या थांबेनात. बाकीच्या बायका उन्हाळ्यात सगळं विसरून गेल्या, कारण वाडीत वाचायला काय असतं? रंभाबाई विसरली नाही. माझ्या कोठीत साखर-चहाच्या पुड्यांना येणारे रद्दीचे कागद ती मागून न्यायची. चुलीपुढं बसून आधी वाचायची, मग त्यांनीच चूल पेटवायची. अर्धी बातमी वाचून झाली की पुढचं काय झालं ते मला विचारायची. मला तरी काय माहीत? साखर अर्ध्याच कागदात बांधून आली होती.

दुसऱ्या जूनमध्ये नवी मुलगी पाटी घेऊन समोर बसली आणि म्हणाली, "मावशी, हा पाहा ग."

"बाय, ह्ये मला येतंय," रंभाबाई म्हणाली. "गेल्या साली शिकले न्हवं."

मुलीचे डोळे भरून आले. "मग मी कुणाला शिकवू?"

समाजसेवेच्या बाई धावत आल्या. त्यांनी रंभाबाईला माझ्या खिडकीखालीच बाजूला घेतलं, म्हणून ऐकू आलं. "रंभाबाई, लेकरांच्या मनाचा विचार करा. तुम्ही नवीनच आहात असं समजा. एवढं कराल ना?"

"समजते की," रंभाबाई म्हणाली. ती परत जाऊन बसली आणि अडाणी झाली.

पुढे यात तिचा हातखंडा झाला. आषाढात पाटीवरचा ग असा लुळा काढायची की बघणाऱ्याला दया यावी. श्रावणात तो जरा सावरायचा. दसऱ्याला उभा राहायचा. दिवाळीनंतर ती नाव लिहायला लागायची, पण त्यात एक चूक मुद्दाम ठेवायची.

"चूक कशाला ठेवतेस?" मी एकदा विचारलं.

"सुधारायला काय तरी नगं का, भाऊ? सुधारलं की पोरींला लई बरं वाटतं."

"आणि तुला?"

"मला काय. पाठ लागती दुखाया." ती गुळाचा खडा तोंडात टाकून निघून गेली.

अशी वर्षं गेली. दरवर्षी खण मिळायचा. इतके खण साठले की कमळच्या अंगावरची प्रत्येक चोळी साक्षरतेच्या खणाची होती. पोरगी वाडीतल्या एकशिक्षकी शाळेत जायची आणि संध्याकाळी आईची वाट बघत आमच्या पडवीच्या पायरीवर अभ्यास करायची. अक्षर असं की आमच्या शाळेतल्या बाईंनी एकदा तिची पाटी उचलून सगळ्यांना दाखवली होती. शनिवारी मात्र ती आईकडे बघायची नाही. आई वाकडा ग काढत असली की ही पाठ करून बसायची. मला ते बघवायचं नाही, पण खिडकी बंद केली तर कोठीत अंधार व्हायचा.

एकसष्ट साली कमळ चौथी पास झाली, पहिली आली. वाडीतली शाळा तिथंच संपत होती. पाचवी करायची तर पौडाला, आणि पौडाला तिला ठेवायला कुणी नव्हतं. रोज जाऊन-येऊन करायचं अंतर नव्हतं, त्यात मुलीची जात. म्हणजे पोरीचं शिक्षण इथंच थांबणार. रंभाबाई भाकरी थापता थापता मध्येच थांबायला लागली, तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

आणि त्याच जूनमध्ये शाळेनं जाहीर केलं की दहाव्या वर्षानिमित्त खोऱ्यातल्या एका मुलीला पाचवीपासून मॅट्रिकपर्यंत फुकट शिकवायचं. राहणं, जेवण, कपडे, सगळं शाळेचं. मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, प्रार्थनेच्या वेळी म्हणाल्या, "ही शाळा या डोंगरातल्या लेकींचीसुद्धा आहे." स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून रंभाबाईनं ते ऐकलं. त्या दिवशी तिच्या दोन भाकऱ्या करपल्या. तिच्या हातून तसं कधी होत नसे.

अट एक होती. मुलीची परीक्षा घेणार, पण त्याबरोबर घरात वाचणारं मोठं माणूस हवं. नाहीतर मुलगी सुट्टीत घरी जाते आणि सगळं विसरून येते, असं शाळेच्या समितीचं म्हणणं. म्हणणं खोटं नव्हतं.

रंभाबाई कोठीत आली आणि पोत्यावर बसली. ती कधी बसत नसे.

"भाऊ, एक इचारू? आत्ता म्या अडाणी हाय का शिकल्याली?"

त्या वर्षी तिला शिकवायला नीलप्रभा नावाची मुलगी होती, समितीचे अध्यक्ष हैबतराव यांची नात. हैबतरावांची खोऱ्यात निम्मी जमीन आणि पुण्याला मोठा बंगला. पोरगी मायाळू. तव्याचा चटका बसून रंभाबाईचा हात भाजला, तेव्हा हिनं आपली मलमाची डबी आणून दिली आणि रोज विचारायची, मावशी, बरं आहे का? रंभाबाईला वाचता येतं असं कळलं की हिची दीपिका गेली. आणि दहा वर्षांच्या सगळ्या दीपिकांचं काय, तो प्रश्न वेगळाच.

"खरं सांग त्यांना," मी म्हणालो. "पोर तुझी आहे. बिल्ल्यांचं त्यांचं ते बघतील."

"नोकरी जाईल."

"भाकऱ्या कोण करणार मग? त्या येतात का कुणाला?"

ती पोत्यावरून उठली. मग म्हणाली, "वाचीन म्या. कमळीसाठी वाचीन. दीपिका काय, त्या पोरीला तिचा आजा सोन्याची करून घालील."

जुलैत पानशेत फुटलं आणि पुण्यात पूर आला. समितीतल्या लोकांच्याच घरात चिखल, सभा लांबली. ती भरली श्रावणात, एका रविवारी, शाळेच्या वाचनालयात. म्हणजे रंभाबाईचा ग नुकताच सावरू लागला होता त्या दिवसांत.

चहा-फराळ माझ्याकडे होता, म्हणून मीही दाराशी होतो. हैबतराव, मोठ्या बाई आणि मुंबईचे एक डॉक्टर असे तिघे बसलेले. कमळ आत गेली. खणाची चोळी, तेल लावून घट्ट वेणी. तिनं पाढे म्हटले, धडा वाचला, विचारलेल्या गावांची नावं फळ्यावर लिहिली. डॉक्टर मान डोलावत राहिले. मग आईला बोलावलं.

"बसा, रंभाबाई," हैबतराव म्हणाले. फार अदबीनं बोलायचे. "तुम्हाला वाचता नसेलच येत अजून. आमच्या नीलूनं आता कुठं सुरुवात केलीय."

"येतंय, सायब," रंभाबाई म्हणाली. "द्या काय बी."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. हैबतरावांनी हसून समोरचं वर्तमानपत्र पुढे केलं. रंभाबाईनं ते दोन्ही हातांत धरलं, लाटलेला ओला पापड धरावा तसं, आणि वाचू लागली. पूरग्रस्तांसाठी कुठं धान्य वाटलं, कुठं तंबू उभारले, मंत्र्यांनी काय सांगितलं. जोडाक्षरापाशी जरा थांबायची आणि पुढे जायची. तिनं रकाना संपवला आणि पान उलटायला हात घातला. बातमी पहिल्यांदाच तिच्या हातात पुरी आली होती.

नीलप्रभा चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिचा चेहरा लाल झाला होता.

"नीलू!" हैबतराव उभेच राहिले. "अगं, दोन महिन्यांत? हे तू केलंस?"

"सायब, त्या पोरीनं न्हाई," रंभाबाई म्हणाली. "धा वर्सं झाली मला येतंय."

"म्हणजे दहा वर्षं त्या आमच्याकडे आहेत," मोठ्या बाई घाईनं म्हणाल्या. "शाळेच्या वातावरणाचा परिणाम होतोच."

डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. हैबतरावांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. त्यांनी नातीला जवळ घेतलं. नीलप्रभानं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण आजोबा पाठ थोपटत होते, ते थांबेचनात. रंभाबाईही हसली, या खेपेला तोंडानं. तिला वाटलं, झालं. टाळ्या पडल्या म्हणजे काम झालं, असं तिला वाटलं. टाळ्या कुणासाठी पडतात हे दहा जानेवाऱ्या पाहूनसुद्धा तिच्या डोक्यात शिरलं नव्हतं, कारण आजवर तिला त्या टाळ्यांकडून काही नकोच होतं.

बाहेर आल्यावर तिनं माझ्याच कोठीतला गूळ घेऊन माझ्याच हातावर ठेवला. "खा, भाऊ. कमळीचं झालं."

चार-सहा दिवसांनी मोठ्या बाई स्वतः स्वयंपाकघरात आल्या. त्या कधी येत नसत. रंभाबाई तव्यापुढे होती.

"रंभाबाई, समितीला तुमचं फार कौतुक वाटलं. हैबतराव तर अजून बोलतात. पण सगळ्यांचं मत असं पडलं, की ज्या घरात इतकी हुशार आई आहे, त्या मुलीला आमची तेवढी गरज नाही. तुम्हीच तिला शिकवू शकाल. जिथं खरी गरज आहे तिथं ही जागा जावी. शिवाय कमळ इथं एकटी पडेल हो. आई स्वयंपाकघरात आणि मुलगी जेवणघरात, तिलाच अवघड होईल. तुम्ही समजून घ्याल."

"समजते की," रंभाबाई म्हणाली.

तव्यावरची भाकरी तिनं उलटली. मोठ्या बाई अजून जराशा थांबल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेल्या. जागा हैबतरावांच्या कारभाऱ्याच्या मुलीला मिळाली. मुलगी खोऱ्यातलीच, त्यात काही खोट नव्हती. कारभारी स्वतः मॅट्रिक होते आणि त्यांच्याकडे वर्तमानपत्र टपालानं घरी यायचं, पण ते कुणाला आठवलं नाही.

मला इतका संताप आला की मी डाळीचं माप जमिनीवर आपटलं. पण ओरडायचं कुणावर? हैबतरावांवर, ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं? मोठ्या बाईंवर, ज्यांनी खांद्यावर हात ठेवला? नीलप्रभा तर माझ्या खिडकीशी येऊन रडली. म्हणाली, "काका, मी आजोबांना सांगितलं सगळं. ते म्हणाले, गुरूनं असं नम्रच असावं." जानेवारीत तिला दीपिका मिळाली. ती तिनं कधी लावली नाही, एवढं मी पाहिलं. पण न लावलेल्या दीपिकेचा कमळला काय उपयोग?

"भाऊ," रंभाबाई एकदा म्हणाली, "न्हाई वाचलं आसतं तर वाचाया येत न्हाई म्हणून न्हाई. वाचलं तर येतंय म्हणून न्हाई. मग कसं पायजे हुतं?"

मी तिला दुसऱ्या दिवसासाठी तांदूळ मोजून दिले. दुसरं काय देणार होतो?

रद्दीचे कागद तिनं मागायचं सोडलं. मी बाजूला काढून ठेवायचो. ते तसेच पडून राहायचे, मग चंद्राबाई चुलीत घालायची.

पुढचा जून आला. मोटारी आल्या, ट्रंका उतरल्या, थाळ्या वाटल्या. रंभाबाई आता सगळ्यांसमोर वाचून बसलेली, तिला पुन्हा अडाणी करता येईना. दहावीत मुली जास्त आणि बायका एक कमी. कमळ तोवर स्वयंपाकघरात लागली होती, पाणी भरायला आणि निवडणं-टिपणं करायला. समाजसेवेच्या बाईंची नजर तिच्यावर पडली.

मी रंभाबाईला म्हणालो, "तू हो म्हणू नकोस. चौथीत पहिली आलेली पोर आहे ती."

ती पीठ मळत होती. तिनं वर पाहिलं नाही. "भाऊ, हितं बसली तर शनवारच्या शनवार पाटी तरी हाताला लागंल तिच्या. घरी काय हाय?" मग थोड्या वेळानं म्हणाली, "आन् न्हाई म्हणाया मला आता बळ न्हाई. दमले म्या."

शनिवारी दुपारी मी खिडकीतच होतो. नवी मुलगी चष्म्याची, वेणीला रेशमी फीत. तिनं पाटीवर हळूहळू ग काढला आणि पाटी कमळपुढे सरकवली. "असा काढायचा. जमेल तसा काढ हं."

कमळनं पेन्सिल घेतली. खाली त्याच्यासारखाच पण त्याच्याहून देखणा ग काढला. काना ताठ, वर रेघ सरळ. मग थांबलीच नाही. म, भ, न, ओळीनं काढत गेली, पाटीच्या दुसऱ्या कडेपर्यंत.

मुलीचा चेहरा उतरला. तिनं इकडे तिकडे पाहिलं, समाजसेवेच्या बाई कुठं दिसतात का म्हणून.

रंभाबाई चुलीपुढून उठली. पडवीत आली, कमळच्या पाठीशी वाकली आणि पिठाचा ओला हात पाटीवरून फिरवला. एकदा फिरवून सगळं गेलं नाही, म्हणून पुन्हा फिरवला.

"आसा न्हाई, बाय," ती लेकीला म्हणाली. "पैला वाकडा काढायचा."

कमळ आईच्या तोंडाकडे बघत राहिली. रंभाबाईनं पदरानं पाटी कोरडी केली आणि पेन्सिल तिच्या बोटांत नीट धरून दिली. मग कमळनं मान खाली घातली आणि वाकडा ग काढला.

"छान!" ती मुलगी म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला. तिनं कमळचा हात आपल्या हातात घेतला आणि गिरवून घेऊ लागली. रंभाबाई आत जाऊन पुढची भाकरी थापायला लागली.